करोडगिरीच्या नाक्यापलीकडे

१९४७ च्या ऑगस्टनंतर उस्मानाबाद जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या धाराशिवांतील, तरुणास स्वतंत्र होण्यासाठीं फार दूर जावें लागत नसे. बार्शी गांठली कीं झालें. येडशी निजामाच्या राज्यांत, बार्शी मुंबई प्रांतांत. मध्यें कांहीं कोसांचें अंतर आणि करोडगिरीचा नाका. लातूर-बार्शी अशी अरुंद रुळांची आगगाडी होती खरी, परंतु रझाकारांच्या धास्तीनें कित्येकांनीं रात्रींची पायवाटच धरिली.

पलीकडे पोंचतांच पहिली अडचण विलक्षण असे. कनवटीचा हाली सिक्का तेथें परका! सात हालीस सहा कलदार हा सरकारी भाव. परंतु अडलेल्यास तो कोण देणार? सीमेवरील छावण्यांत अन्न मिळे, कित्येकांस बंदूकही. मागें राहिलेल्या आईबापांचा घोर मात्र सुटत नसे. निसटलेल्याचा सूड त्याच्या घरावर उगविणें सोपें होतें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज सोलापुराकडून नळदुर्गांत शिरली; १७ तारखेस निजाम शरण आला. मुलें घरीं परतलीं. पण त्यानंतर जिल्ह्यांतील निरपराध मुसलमान कुटुंबांवर हिंसा कोसळली. सुंदरलाल समितीनें सर्वाधिक झळ पोंचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचें नांव घातलें. तो अहवाल कित्येक दशकें दप्तरांतच राहिला.