निसरड्या हिमवाटा

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की वृत्तपत्रांत हमखास छायाचित्र येते. होडीच्या फळीवर जमलेला तो पांढरा थर पाहण्यासाठी पर्यटक पहाटे उठून जातात. महाराष्ट्रात राहणाऱ्याचा घराबाहेरच्या बर्फाशी येणारा संबंध साधारण एवढाच. मात्र नाताळच्या सुट्टीत सिमला, मनाली, गुलमर्ग येथे गेल्यावर आजूबाजूला मराठी सहज कानी पडते. शिवाय बँकेच्या नोकरीत बदलीचा आदेश आला म्हणजे तेथे दोन-तीन हिवाळे काढण्याचा योगही येतो. अशा वेळी आपण स्वेटर, कानटोपी आणि मफलर यांची जय्यत तयारी करतो. पायाखालच्या आणि चाकाखालच्या जमिनीचा विचार मात्र आपल्या मनात सहसा येत नाही.

ताजा, भुसभुशीत हिमवर्षाव दिसायला भीतीदायक असला तरी त्यात पाय रुततो, चाकालाही थोडीफार पकड मिळते. खरा धोका त्यानंतरच्या दिवसांत असतो. रहदारीने दबलेला बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो, ते पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड जाताच काचेसारखे गोठते. हा थर इतका पातळ व पारदर्शक असतो की खालचे काळे डांबर स्वच्छ दिसते. म्हणूनच त्याला ‘ब्लॅक आइस’ असे नाव पडले. वाहनचालकास तो केवळ ओला रस्ता वाटतो. थंडीत ओला दिसणारा रस्ता गोठलेलाच आहे असे समजून चालावे, हे उत्तम. उत्तरेकडे तोंड असलेले उतार, देवदारांच्या सावलीतील वळणे आणि पूल ही त्याची आवडती ठिकाणे. पुलाखालूनही थंड वारा वाहत असल्याने पूल इतर रस्त्याच्या आधी गोठतो. सिमल्यात लक्कड बाजाराकडून संजौलीकडे जाणारा रस्ता किंवा त्यापुढे कुफ्री-फागूचा टप्पा हिमवर्षावानंतर निसरडा होतो, तो याच सावलीमुळे.

बर्फ निसरडा का असतो, या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही बराच काळ गुंतवून ठेवले. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये असे प्रतिपादन केले की, गोठणबिंदूखालीही बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो. पुढे त्यात घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या स्पष्टीकरणाची भर पडली. प्रवाशाच्या दृष्टीने त्यातून निघणारा व्यवहारी अर्थ थोडा अनपेक्षित आहे. शून्याच्या आसपासचा, किंचित ओलसर बर्फ हा उणे पंधरा-वीस अंशांच्या कोरड्या बर्फापेक्षा अधिक घातक असतो. लडाखच्या कडाक्याच्या थंडीत सावध असणारा चालक सिमल्याच्या सौम्य थंडीत गाफील राहतो, तो येथेच फसतो.

आकडेमोड केली तर चित्र अधिक स्पष्ट होते. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावल्यानंतर सुमारे ९ मीटरांत थांबते. ओलसर बर्फावर घर्षण साधारण सातपटीने कमी होते, आणि त्याच मोटारीला थांबायला ६० मीटरांहून अधिक अंतर लागते. एकापाठोपाठ एक उभ्या केलेल्या पंधरा मोटारींची ही लांबी झाली. वेग निम्म्यावर, म्हणजे ताशी २० किलोमीटरवर आणला तर हे अंतर सुमारे १६ मीटरांवर येते. घाटात समोरचे वळण किती अंतरावर असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

चारही चाकांना शक्ती पुरविणारी गाडी भाड्याने घेतली म्हणजे आपण निर्धास्त झालो, असा एक समज पर्यटकांत रूढ आहे. प्रस्तुत लेखकास तो सर्वांत घातक वाटतो. अशी गाडी बर्फातून निघायला आणि चढायला मदत करते, परंतु थांबण्याच्या कामी तिचा काहीही उपयोग नाही. ब्रेक लावल्यावर ती इतर कोणत्याही गाडीइतकीच घसरते, किंबहुना वजनामुळे घसरताना अधिक हानी करते. एबीएस यंत्रणा चाके अडकू देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंगचा ताबा राहतो, पण बर्फावरचे थांबण्याचे अंतर ती जादूने कमी करीत नाही.

डोंगरातील मुरलेले चालक काय करतात ते नीट पाहावे. उतारावर ते आधीच खालचा गिअर टाकतात आणि इंजिनाच्या ओढीनेच वेग रोखून धरतात. ब्रेकला जेमतेम स्पर्श करतात. सपाटीवर गाडी सुरू करताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर वापरतात, म्हणजे चाक जागीच फिरत नाही. चढ लागला की पुढची गाडी वर पोहोचेपर्यंत खाली थांबतात, कारण निसरड्या चढावर मध्येच थांबलेली गाडी पुन्हा निघणे कठीण. गाडी घसरू लागलीच तर त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद निघतो आणि स्टिअरिंग, ज्या दिशेला जायचे त्या दिशेला, हळूवार वळते. घाबरून जोरात ब्रेक मारणे हा आपला मैदानी संस्कार येथे विसरावा लागतो. रात्री गाडी उभी करताना ती गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतात. ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो गोठून बसतो.

चाकांना बांधायच्या साखळ्या हा भरवशाचा उपाय होय. तंगमर्गहून गुलमर्गचा सुमारे १३ किलोमीटरांचा चढ हिमवर्षावानंतर साखळ्या लावलेल्या अथवा चारही चाकांच्या शक्तीच्या गाडीनेच चढू दिला जातो. साखळी ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्यांनाच लावायची असते. आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींत ती पुढची चाके असतात, तर सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्यांत मागची. साखळी लावल्यावर ताशी ३० किलोमीटरांच्या आतच राहावे आणि कोरडे डांबर लागताच ती काढावी, अन्यथा टायर आणि साखळी दोन्हींची वाट लागते. वाहतूक पोलिसांनी गाडी अडविल्यास हुज्जत घालणाऱ्यांची मला गंमत वाटते. इतक्या दूर आलो तो काय चहा प्यायला, असा त्यांचा सवाल असतो. चहा प्यावा. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या परिसरात अचानक हिमवर्षाव झाला. पर्यटकांची शेकडो वाहने अडकून पडली आणि ती बाहेर काढताना पोलिसांची कडाक्याच्या थंडीत रात्र गेली.

अडकलेल्या गाडीत रात्र काढण्याची वेळ आलीच तर थंडीपेक्षाही मोठा शत्रू वेगळा असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी काहींचा मृत्यू कार्बन मोनॉक्साइड वायूने झाल्याचे सांगण्यात आले. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की हा वायू गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोप लागते आणि माणूस उठत नाही. म्हणून सायलेन्सरभोवतीचा बर्फ वरचेवर हाताने दूर करावा, हीटरसाठी इंजिन तासातून दहा मिनिटेच चालू ठेवावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी असावी. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. हिमवर्षावात वीज आणि नेटवर्क दोन्ही जाऊ शकतात, त्यामुळे क्यूआर कोडच्या या काळातही खिशात थोडी रोख रक्कम ठेवण्याची शिफारस बँकेच्या नियतकालिकातून करण्यास हरकत नसावी.

पायी चालणाऱ्याचे शास्त्र कोकणातल्या माणसाला निम्मे ठाऊक असते. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरले की तो वाटेवर झावळ्या अंथरतो. सिमल्यात त्याच हेतूने रस्त्यावर वाळू टाकतात. शेवाळावर जसे चालतो तसेच बर्फावर चालावे. पावले लहान टाकावीत, तळवा सपाट ठेवावा आणि शरीराचा भार पुढच्या पायावर असावा. झंस्कारच्या गोठलेल्या नदीवरून, ‘चादर’वरून, चालणारे स्थानिक लोक पाऊल उचलण्याऐवजी सरकवितात. खिशात हात घालून चालणे मात्र कटाक्षाने टाळावे. तोल सावरायला हात मोकळे लागतात, आणि पडताना हात टेकवून सारा भार मनगटावर घेतला तर हाड मोडते. त्यापेक्षा कुशीवर पडलेले बरे. कार्यालयात शोभणारे गुळगुळीत तळव्यांचे बूट पिशवीत ठेवावेत आणि रस्त्यावर खोल खाचांचे रबरी तळवे वापरावेत. तेही नसतील तर बुटांवरून लोकरी मोजे चढवावेत. हसू येईल, पण न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराच्या उतारांवर संशोधकांनी याची रीतसर चाचणी घेतली आणि मोजे घातलेल्यांना बर्फावर अधिक चांगली पकड मिळाल्याचे आढळले. या अभ्यासाला २०१० चे इग नोबेल पारितोषिक मिळाले.

राहता राहिले सायकलस्वार. मनाली-लेह मार्गावर उन्हाळ्यातही बारालाचा ला किंवा तंगलंग ला यांसारख्या उंच खिंडींत पहाटे रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा असतो. टायरमधील हवा थोडी कमी केली, बैठक खाली घेतली आणि पुढचा ब्रेक वर्ज्य मानला तर बराचसा प्रवास निभावतो. बर्फाच्या पट्ट्यावर वळायचे नाही, पॅडल जोरात मारायचे नाही, सायकल सरळ जाऊ द्यायची. सर्वांत अवघड प्रसंग वितळलेल्या बर्फाच्या नाल्यांचा. सकाळी पाणी कमी असते पण काठचे दगड गोठलेले असतात. दुपारी बर्फ नसतो, पण पाण्याला असा जोर येतो की पाय ठरत नाही. ऊन नाल्यावर पडून अर्धा-पाऊण तास झाला की उतरावे, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरावी आणि चालत पलीकडे जावे. तेथे पुन्हा बैठकीवर बसण्यापूर्वी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबून पाहावेत, कारण ओल्या केबल वाऱ्यात काही मिनिटांतच गोठतात.