एसजीपीए स्वतः काढून बघा!

पंढरपुरातल्या कॉलेजच्या पोरापोरींनो, निकाल लागला की नुसता एसजीपीए बघून गुणपत्रिका बाजूला ठेवू नका. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात क्रेडिटची पद्धत आहे. प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं.

समजा, चार-चार क्रेडिटच्या दोन विषयांत ९ आणि ७ पॉइंट मिळाले, दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला १०. म्हणजे ३६ अधिक २८ अधिक २०, झाले ८४. क्रेडिट १०. एसजीपीए ८.४. सरळ सरासरी काढली असती तर ८.६७ आली असती! प्रॅक्टिकलच्या दहांचं वजन निम्मंच आहे, हे इथे कळतं. म्हणून जास्त क्रेडिटच्या विषयाला अभ्यासाचा वेळही जास्त द्या, असं मी भेटेल त्याला सांगतो.

सगळ्या सत्रांचा मिळून सीजीपीए काढतानाही हाच गुणाकार. सत्रांची क्रेडिट वेगळी असतील तर एसजीपीएंची नुसती सरासरी चालत नाही.

सीजीपीएवरून टक्केवारी काढायचं सूत्र मात्र विद्यापीठागणिक बदलतं. नोकरीच्या अर्जात ऐकीव सूत्र लावू नका, आपल्या विद्यापीठाच्या नियमावलीतलंच वापरा. आणि हिशोब जुळला नाही तर गप्प बसू नका, मुदतीच्या आत कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा.