मोगरा घर बदलतो

वसई-विरारच्या गावांतून जुनी कौलारू घरे पाडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत. घर बदलताना भांडीकुंडी टेम्पोत चढतात, देव्हारा जपून नेला जातो. पण अंगणातल्या मोगऱ्याचे काय? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आजीने लावलेला, दर उन्हाळ्यात ओंजळ भरून कळ्या देणारा मोगरा मागे टाकायला कोणाचेच मन होत नाही. 'खणून घेऊ आणि नव्या जागी लावू,' असे एक जण म्हणतो. 'जुने झाड हलवले की मरते,' असे दुसरा म्हणतो. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. झाड विचारपूर्वक हलवले तर बहुधा जगते. घाईने उपटले तर आठ-पंधरा दिवसांत वाळते. असे का होते, याचे बरेचसे उत्तर, विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे.

झाड कशाने मरते?

हलवलेले झाड वाळले की 'त्याला नवी माती मानवली नाही' असे म्हणण्याची पद्धत आहे. बहुतेक वेळा ते झाड तहानेने मेलेले असते, आणि तेही पायाशी भरपूर पाणी असताना!

झाडाची पाने दिवसभर पाण्याची वाफ बाहेर सोडत असतात. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने कुंडीतल्या सूर्यफुलाचे वारंवार वजन करून हे पाणी मोजले. सुमारे एक मीटर उंचीचे ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक पाणी गमावत होते. हे प्रयोग त्याने १७२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

एवढे पाणी मातीतून आणते कोण? जाड, लाकडासारखी मुळे झाडाला आधार देतात आणि पाणी वाहून नेतात. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः कोवळी मुळे आणि त्यांच्या टोकांजवळचे अतिशय बारीक मूलरोम करतात. हॉवर्ड डिटमर या अमेरिकन शास्त्रज्ञाने राय नावाच्या धान्याच्या एकाच रोपाच्या मुळांचा हिशेब १९३७ साली प्रसिद्ध केला. त्या एका रोपाला सुमारे १,४०० कोटी मूलरोम होते!

झुडपाची ही पाणी पिणारी तोंडे बुंध्यापासून दूरवर पसरलेली असतात आणि कुदळीचा घाव नेमका त्यांच्या अलीकडे बसतो. जाड मुळे आपल्या हाती येतात, कोवळी मुळे जुन्याच जागी राहतात. पाने मात्र पूर्वीइतकीच असतात. जमा थांबली आणि खर्च तसाच चालू राहिला, तर दिवाळे निघायला वेळ लागत नाही.

पाण्याचा दोर

साधा शोषक पंप हवेच्या दाबाच्या बळावर पाणी फार तर दहा मीटर वर चढवू शकतो. मग त्याहून उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसे पोहोचते? हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये याचा खुलासा केला. पानातल्या पाण्याची वाफ झाली की मागे उरलेले पाणी पृष्ठताणामुळे आपल्या मागच्या पाण्याला ओढते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे पानापासून मुळापर्यंत जणू पाण्याचा एक अखंड दोर ताणला जातो. भर दुपारी हा ताण वातावरणाच्या दाबाच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो.

मुळे तुटली की खालचा पुरवठा कमी पडतो, ताण आणखी वाढतो आणि खोडातल्या सूक्ष्म नळ्यांत हवा शिरून दोर तुटतो. अशा नळ्या पुष्कळ झाल्या, की बुंध्याशी कितीही पाणी ओतले तरी ते पानांपर्यंत जात नाही.

तेव्हा झाड हलवण्याची सारी युक्ती दोनच गोष्टींत आहे: मुळे जास्तीत जास्त वाचवायची, आणि नवी मुळे फुटेपर्यंत पानांचा खर्च कमी ठेवायचा.

हुंडी केवढी घ्यावी?

मुळांना धरून असलेल्या मातीच्या गोळ्याला हुंडी म्हणतात. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ईजिप्तच्या हत्शेप्सुत राणीने पुंत देशातून सुगंधी डिंकाची झाडे आणवली. देर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर टोपल्यांत ठेवलेली ती झाडे वाहून नेणारी माणसे कोरलेली आहेत.

एकच बुंधा असलेल्या जास्वंदीसारख्या झुडपाला बुंध्याच्या जाडीच्या दहा-बारा पट व्यासाची हुंडी घ्यावी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ४ सेंटिमीटर बुंध्याला ४० ते ४८ सेंटिमीटर. बुडापासून अनेक फांद्या फुटलेल्या मध्यम मोगऱ्यालाही साधारण एवढी हुंडी धरू. व्यास ४५ आणि खोली ३० सेंटिमीटर धरली, तर घनफळ सुमारे ४८ लिटर होते. ओल्या मातीचे वजन लिटरमागे १.७ किलोग्रॅम धरले, तर हुंडी ८० किलोग्रॅमची! ती उचलायला दोघे-तिघे हवेत. लांबी, रुंदी, खोली दुप्पट केली की वजन आठपट, म्हणजे ६४० किलोग्रॅम होते. मोठी झाडे हलवणे कठीण का, हे यावरून कळेल. मुंबईत मेट्रोच्या मार्गातून यंत्राने हलवलेली पुष्कळ झाडे जगली नाहीत.

वसईच्या किनारपट्टीत एक अडचण आणखी आहे. तेथील वाड्यांची माती वाळूमिश्रित, त्यामुळे हुंडी चटकन फुटते. यावरचा उपाय तुम्ही अर्नाळ्याच्या किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर किल्ला करताना पाहिलेला आहे! कोरड्या वाळूचा किल्ला उभा राहत नाही, पाण्याने भरलेल्या वाळूचाही नाही. दमट वाळूचा मात्र राहतो. दोन कणांमधली पाण्याची नाजूक पुले पृष्ठताणाने कणांना एकत्र धरतात. म्हणून झाडाला आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्यावे आणि जास्तीचे पाणी निथरल्यावर सकाळी लवकर खणावे. हुंडी मोकळी होताच तिला ओले गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळावे. उघड्या बारीक मुळांना उन्हाची काही मिनिटेही जड जातात.

मुहूर्त कोणता?

पानाच्या आतली हवा बाष्पाने संपृक्त असते. बाहेरची हवा जेवढी कोरडी, तेवढी वाफ वेगाने बाहेर पडते. समजा, मे महिन्याच्या दुपारी तापमान ३३ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. संपृक्त बाष्पदाब सुमारे ३८ मिलिमीटर, हवेतला त्याच्या निम्मा. म्हणजे तूट १९ मिलिमीटर. जुलैच्या पावसाळी दिवशी २८ अंश आणि ९० टक्के धरा. संपृक्त दाब सुमारे २८ मिलिमीटर, तूट फक्त २.८. पानांवरची ओढ जवळजवळ सातपट कमी झाली! मोगऱ्याचा बहरही तोवर ओसरलेला असतो. म्हणून पाऊस स्थिरावल्यावर, ढगाळ दिवशी झाड हलवावे.

तयारी मात्र मे महिन्यातच सुरू करावी. ठरवलेल्या हुंडीच्या किंचित आतून बुंध्याभोवती अर्ध्या वर्तुळात धारदार फावड्याने मुळे कापावीत, खाच मातीने भरावी व पाणी देत राहावे. तीन आठवड्यांनी उरलेले अर्धे वर्तुळ कापावे. कापलेल्या टोकांजवळ नवी बारीक मुळे फुटतात, आणि पुढे ती हुंडीबरोबरच येतात.

हलवताना वाळलेल्या फांद्या आणि सुमारे एक तृतीयांश हिरवा पसारा छाटावा. सगळी पाने मात्र काढू नयेत. नव्या मुळांना लागणारी साखर पानेच तयार करतात, आणि मुळे फुटण्यास मदत करणारे ऑक्झिन हे द्रव्य कोवळ्या शेंड्यांतून खाली येते.

नव्या जागी

खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, पण हुंडीएवढाच खोल असावा. बुंधा पूर्वी होता त्याच पातळीवर ठेवावा. खड्ड्यात रासायनिक खत टाकू नये. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की परासरणाच्या नियमाने मुळांना पाणी ओढणे कठीण जाते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर तेही याच कारणासाठी टाळावे. पाणी साचूही देऊ नये, कारण ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो आणि मुळे गुदमरतात.

एवढे करूनही धोका राहतोच. म्हणून घर सोडायचे आधी ठाऊक असेल, तर आदल्या पावसाळ्यात मोगऱ्याची एक खालची फांदी वाकवून, साल किंचित खरवडून मातीत दाबून ठेवावी. हे दाब कलम. दीड-दोन महिन्यांत तिला मुळे फुटतात. ती वेगळी केली की मिळणारे रोप आनुवंशिकदृष्ट्या त्याच मोगऱ्याचे असते.

हलवलेल्या झाडाची पाने गळाली तर लगेच आशा सोडू नका. फांदी नखाने हळूच खरवडून पाहा. सालीखाली हिरवे, ओलसर दिसले तर ती जिवंत आहे. सावली आणि बेताचे पाणी देत राहा.

करून पाहा

एकसारख्या दोन बाटल्यांत सारखे पाणी घ्या. जास्वंदीच्या सारख्या दोन फांद्या त्यांत ठेवा आणि एकीची निम्मी पाने काढा. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग सोडून पातळीवर खूण करा. दोन दिवसांनी कोणत्या बाटलीतले पाणी किती उतरले, ते मोजा. मग अशीच एक जोडी पंख्याच्या वाऱ्यात ठेवून पाहा. झाड हलवल्यावर पहिले काही आठवडे त्याला आडोसा का करावा, याचे उत्तर तुमच्या वहीतले आकडेच देतील.