मक्यावरचं हिरवं विष

बालमित्रांनो, आपल्या वसईच्या पावसात भाकरीला दोन दिवसांत बुरशी येते ना? मक्यावर येणारी एक हिरवट-पिवळी बुरशी तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजून-शिजवूनही ते पुरतं जात नाही. यकृत बिघडवतं.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत ऐन काढणीला अवकाळी पाऊस पडला. मका भिजला, बुरसला. पण गरीब आदिवासी शेतकऱ्यांच्या घरात दुसरं धान्य कुठलं? तोच मका खाऊन १०० हून अधिक माणसं दगावली.

म्हणून कणसं कडकडीत वाळवावीत. बुरसलेले दाणे कोंबड्यांनाही घालू नयेत. शेंगदाण्यांवरही हीच बुरशी येते. मग, आज आईबरोबर शेंगदाण्याचा डबा तपासाल ना?