टँकचा पवित्रा
(खेळामागचं गणित : भाग ६)

शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या पुण्याच्या जुन्या तालमींत घाम गाळलेल्यांना पवित्र्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पाय कसे रोवलेत, अंगाचा भार कुठे आहे, यावर पुढचा डाव ठरतो. ऑनलाइन खेळांतल्या टँकचंही तसंच आहे. मागच्या आठवड्यात आपण हीलर पाहिला; आज त्याच्यापुढे उभा राहून शत्रूचा मार अंगावर घेणारा गडी, म्हणजे टँक.

उदाहरण घेऊ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं. २००४ साली आलेल्या या खेळाचं मूळ रूप २०१९ मध्ये ‘क्लासिक’ नावाने पुन्हा खुलं झालं. त्यातल्या वॉरियरला तीन पवित्रे असतात : बॅटल, डिफेन्सिव्ह आणि बर्सर्कर.

प्रत्येक शत्रूकडे प्रत्येक खेळाडूच्या नावाचं थ्रेटचं खातं असतं; शत्रू कोणावर धावणार, ते त्यावरून ठरतं. एक डॅमेज केला की एक थ्रेट जमा होतो. डिफेन्सिव्ह पवित्र्यात तो १.३ पट होतो, तर बाकी दोन्ही पवित्र्यांत ०.८ पट. म्हणजे १,००० डॅमेजचे इथे १,३००, तिथे ८००. टँकच्या खात्यात १,३०० असतील, तर शत्रूला खेटून लढणाऱ्याने ११० टक्के, म्हणजे १,४३० ओलांडले की शत्रू त्याच्याकडे वळतो. लांबून मारणाऱ्यासाठी ही हद्द १३० टक्के, म्हणजे १,६९० असते.

हीलरने भरून काढलेल्या हेल्थचा निम्मा थ्रेट होतो आणि तो लढाईतल्या सगळ्या शत्रूंत वाटला जातो. पाच शत्रू असताना १,००० हेल्थ भरली, तर प्रत्येकाकडे हीलरच्या नावावर १०० जमा. टँकने एकालाच झोडपलं, तर उरलेले चौघे हीलरवर धावतात. म्हणून टॅब दाबून लक्ष्य बदलत प्रत्येकाला निदान एक तरी फटका द्यायलाच हवा. एखादा निसटलाच, तर त्याला डिवचून आपल्याकडे ओढणारा टॉंट आहे. टॉंटमुळे टँकचा थ्रेट शत्रू ज्याच्यावर धावलाय त्याच्याइतका होतो. मात्र पुढच्या काही क्षणांत जोरदार फटके दिले नाहीत, तर शत्रू पुन्हा हातचा जातो.

आता पवित्रा बदलण्याकडे येऊ. शत्रूवर धावून जाण्याचा चार्ज बॅटलमध्येच होतो, टॉंट डिफेन्सिव्हमध्येच. पण पवित्रा बदलला की साठवलेला रेज, म्हणजे डाव टाकायला लागणारी ताकद, जातो; टॅक्टिकल मास्टरी हे कौशल्य पूर्ण घेतलं, तर जास्तीत जास्त २५ उरतो. त्यामुळे रेज आधी खर्चावा, मग पवित्रा बदलावा. ओनिक्सिया या ड्रॅगन मादीशी होणाऱ्या लढाईच्या तिसऱ्या टप्प्यात हे कसब पणाला लागतं. ती डरकाळी फोडून सगळ्यांना घाबरवून पळवते. अनुभवी टँक त्याआधी बर्सर्करमध्ये जातो, भीती न लागू देणारा बर्सर्कर रेज दाबतो आणि लगेच डिफेन्सिव्हमध्ये परततो. बर्सर्करमध्ये १० टक्के जादा मार बसतो, म्हणून तिथे रेंगाळायचं नाही.

पुण्यातून खेळणाऱ्याला आणखी एक अडचण असते. सिडनीचा सर्व्हर इथून सुमारे १०,००० किलोमीटर दूर आहे. फायबरमधून प्रकाशालाच जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तेव्हा पवित्र्याचा बदल थोडा आधीच करा.

आणि जे टँक नाहीत त्यांना एक विनंती : लढाई सुरू झाली की पहिले चार-पाच सेकंद हात आवरा. टँकचं खातं भरू द्या. पार्टी वाचवण्याचं निम्मं काम तिथेच होतं.