खडकात मुरलेलं फॉस्फेट

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे घातले, की आकडा झपाट्याने उतरतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा चढतो. अशा वेळी चाचणीच्या किटवर शंका घेण्याआधी खडकाकडे पाहावं.

फॉस्फेट येतं ते मुख्यतः माशांच्या खाद्यातून. पाणी आरओचं नसेल तर नळातूनही. टँकमधला खडक आणि वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं. पाण्यातलं प्रमाण वाढलं की खडक ते धरतो, घटलं की सोडतो. म्हणून जुन्या टँकमध्ये पाण्यापेक्षा खडकातलाच साठा कितीतरी मोठा असतो. किट मोजतं ते फक्त पाण्यातलं.

जास्त फॉस्फेटने शेवाळ माजतं, हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान मोठं: फॉस्फेट कार्बोनेटच्या स्फटिकांची वाढ अडवतं, म्हणून प्रवाळांचा सांगाडा सावकाश बनतो. पण आकडा शून्यावर नेणंही घातकच. प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना फॉस्फरस लागतो. तो मिळाला नाही की रंग फिका पडतो, आणि डायनोफ्लॅजेलेट्सचा चिकट तपकिरी थर पसरण्याचा धोका वाढतो. बहुतेक हौशी लोक ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आकड्याचा स्थिरपणा. काही मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवतात; त्याला ३.०६६ने गुणलं की फॉस्फेट मिळतं. म्हणजे मीटरवर २० दिसले, तर फॉस्फेट सुमारे ०.०६ पीपीएम.

दाणे आरओच्या पाण्याने धुवून रिॲक्टरमध्ये, म्हणजे ज्यातून टँकचं पाणी फिरवतात त्या नळकांड्यात, घालावेत, सुरुवात निम्म्या मात्रेने करावी, प्रवाह इतकाच ठेवावा की वरचे दाणे हलके हलतील. फॉस्फेटमध्ये एकदम मोठी घट झाली तर प्रवाळांच्या ऊती सोलवटू शकतात. मग दर दोन-तीन दिवसांनी रिॲक्टरमधून बाहेर पडणारं पाणी तपासावं. त्यातलं फॉस्फेट टँकच्या पाण्याइतकंच भरलं, की दाणे संपले. खडक भरलेला असेल तर ते लवकर संपतात, पुन्हा पुन्हा बदलावे लागतात. दोन बदलांमधलं अंतर वाढू लागलं, की साठा उतरतोय असं समजावं आणि मात्रा कमी करावी. त्यापुढचं काम बहुतेकदा स्किमर आणि वेगळ्या कप्प्यात वाढवलेलं कीटोमॉर्फा शैवाल सांभाळतं; मात्र ते शैवाल नेमाने कापून बाहेर काढायला हवं.