हेलिकॉप्टर गावात उतरतं तेव्हा

मैत्रिणींनो, महाड-पोलादपूरकडे विमानतळ नाही. निवडणूक आली की एखाद्या माळावर चुन्याच्या फक्कीने गोल आखायचा, मध्ये ‘एच’ काढायचा, झालं हेलिपॅड! मग वाड्यावाड्यांतून बायका-मुलं धावतातच. धावणारच हो! सवच्या गरम झऱ्यांवर आलेला पाहुणासुद्धा मान वर करून बघत राहील.

पण ३ मे २०२४ ची सकाळ आठवून बघा. लोकसभेचा प्रचार ऐन भरात होता. शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या सुषमा अंधारे यांना न्यायला महाडला हेलिकॉप्टर आलं. त्या अजून बसायच्याच होत्या. उतरता उतरता ते डुचमळलं, कलंडलं आणि धुळीच्या लोटात जमिनीवर आदळलं. वैमानिक बचावला, हे नशीबच म्हणायचं.

अशा जागी उतरणं एवढं अवघड का? हेलिकॉप्टर तरंगतं ते पंख्याने हवा खाली ढकलून. जमीन जवळ आली की तोच वारा माती उधळतो. सुपातला कोंडा उडावा तशी! वैमानिकाला खालचं दिसेनासं होतं, यंत्र बाजूला सरकतंय हेही उमगत नाही. त्यातच एक पाय बांधाला किंवा ढेकळाला अडकला, तर सगळा डोलारा त्याच पायावर उलटतो. क्षणा-दोन क्षणांचं काम. म्हणून आधी टँकरने पाणी मारतात. मे महिन्यात आपण हंड्यासाठी वणवण करायची आणि माळावर सडा, हे पाहून जीव जळतो खरा. पण ते पाणी वाया जात नाही.

आणि हेलिकॉप्टर काही पुढाऱ्यांपुरतंच नाही बरं का. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा शोधाला हेलिकॉप्टरंच आली होती.

तेव्हा उद्या तुमच्या गावात उतरणार असेल, तर वाळत घातलेले पापड-कुरडया आणि धुणं आधी आत घ्या. सुटा पत्रा, ताडपत्री दिसली तर घरातल्या माणसांना सांगून हलवा. पोरांचे हात घट्ट धरा, पदर खोचून घ्या. पंखा पुरता थांबून कुणी बोलावेपर्यंत जवळ जाऊ नका. उतारावर असेल तर चढाच्या बाजूने मुळीच नको, तिकडे पंखा डोक्याशी येतो. आणि शेपटीकडे तर कधीच नको. तिथला छोटा पंखा इतका गरगरतो, की तो दिसतच नाही.